इन्व्हर्टरची बॅटरी खदखदू किंवा फुसफुसू लागली तर: काय करावे आणि कोणत्या क्रमाने

इन्व्हर्टरच्या बॅटरीतून वेगळा आवाज येऊ लागला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कोणीतरी पाना घेऊन बॅटरीजवळ जाते आणि तारा सोडवू लागते. हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी यापेक्षा धोक्याची दुसरी कृती नाही. आवाज करणाऱ्या बॅटरीभोवती अनेकदा हायड्रोजन वायू साठलेला असतो, आणि चार्जिंग सुरू असताना तार सुटली की तिच्या टोकाशी ठिणगी पडतेच. बॅटरी फुटल्याच्या घटना कित्येकदा याच ठिणगीने घडतात.

म्हणून या लेखात सर्वांत जास्त भर क्रमावर दिला आहे. घरोघरी असते ती पाणी भरायची 12 व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी येथे मुख्यतः विचारात घेतली आहे. मोबाइल, पॉवर बँक आणि इलेक्ट्रिक स्कूटर यांतील लिथियम बॅटऱ्यांचे नियम पुष्कळ वेगळे असल्याने ते शेवटी स्वतंत्रपणे दिले आहेत. एकाचे नियम दुसरीला लावू नयेत.

## टप्पा 1: आवाज येण्याआधीची तयारी

ही तयारी बॅटरी ठणठणीत असतानाच करावयाची आहे, कारण आवाज आल्यावर बॅटरीशेजारी उभे राहून वस्तू शोधणे योग्य नाही.

प्रथम, घरातील वीजफलकावर इन्व्हर्टरला वीज देणारा एमसीबी (खटक्यासारखा सुरक्षा स्विच) कोणता ते शोधावे आणि त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी. अनेक घरांत इन्व्हर्टरची पिन बॅटरीला खेटून असलेल्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. संकटाच्या वेळी ती पिन उपसली तर ठिणगी बरोबर वायूच्या तोंडाशी पडते. एमसीबी दूर असतो, म्हणून वीज तेथूनच तोडावयाची. वीजफलकही बॅटरीच्याच कपाटात असेल, तर इमारतीच्या मीटर खोलीतील आपल्या घराचा मुख्य स्विच कोणता, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरे, एक पिशवी तयार ठेवावी. तिच्यात रबरी हातमोजे, डोळ्यांना चहूबाजूंनी झाकणारा चष्मा, अर्धा किलो खाण्याचा सोडा, हायड्रोमीटर (बॅटरीतील द्रवाची घनता मोजणारी नळी), साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे उपकरण), मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पाना आणि टॉर्च असावी. मोबाइलचा उजेड वापरू नये, कारण वाकून पाहताना हातातून निसटलेला फोन दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडू शकतो.

तिसरे, जागा तपासावी. आपल्याकडे बॅटरी जिन्याखालच्या कपाटात, चपलांच्या रॅकमागे किंवा देवघराच्या खालच्या खणात ठेवलेली आढळते. बंद कपाटात धोका किती लवकर तयार होतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पूर्ण चार्ज झालेल्या सहा सेलच्या (आतल्या सहा कप्प्यांच्या) बॅटरीत 10 अँपिअरचा प्रवाह तासभर विनाकारण जात राहिला, तर सुमारे 25 लिटर हायड्रोजन तयार होतो. एक मीटर रुंद, एक मीटर उंच आणि साठ सेंटिमीटर खोल कपाटात 600 लिटर हवा मावते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि 600 लिटरचे 4 टक्के म्हणजे 24 लिटर. घट्ट बंद कपाटाला एक तास पुरतो. हायड्रोजन सर्वांत हलका असल्याने तो वर जाऊन छताशी साठतो, म्हणून कपाटाला खाली आणि अगदी वर अशी दोन्हीकडे भोके हवीत. फक्त खालच्या जाळीचा उपयोग होत नाही.

पडताळणी: बॅटरीपासून एक मीटरच्या आत समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल किंवा इस्त्रीचे टेबल आहे का, ते आजच पाहावे. गणपतीत मखराचे पडदे आणि थर्माकोल नेमके इन्व्हर्टरच्या कोपऱ्यावर येतात आणि जवळच समई दहा दिवस तेवत असते. मखर बांधण्याआधी बॅटरीची जागा बदलावी, नाहीतर मखराची बदलावी.

## टप्पा 2: आवाज नेमका कशातून येतो ते ठरवणे

बॅटरीचा म्हणून सांगितला जाणारा आवाज पुष्कळदा इन्व्हर्टरचा असतो. दोन मीटर अंतरावर उभे राहून, घरातील पंखे आणि दूरदर्शन बंद करून, एक मिनिट शांतपणे ऐकावे.

सतत येणारा जाडसर घूं असा आवाज इन्व्हर्टरमधील ट्रान्सफॉर्मरचा असतो. वीज गेल्यावर तो वाढतो. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर छताचे पंखेही गुरगुरतात. वीज जाताना आणि येताना होणारा एकच टक असा आवाज रिलेचा आहे. ठरावीक अंतराने वाजणारा बीप म्हणजे बॅटरी उतरल्याची किंवा भार जास्त झाल्याची सूचना असते, आणि गरगर आवाज आतल्या लहान पंख्याचा असतो. यांपैकी एकही आवाज बॅटरीचा नाही.

मोटारीचेही असेच आहे. किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून भराभर टकटकटक ऐकू येते ते स्टार्टरच्या सोलेनॉइडचे असते. बॅटरी उतरलेली असल्याने सोलेनॉइड ओढला जातो आणि लगेच सुटतो. येथे बॅटरी फुटण्याची भीती नसते, मात्र जंप स्टार्ट करताना काळी तार सर्वांत शेवटी आणि बंद गाडीच्या बॅटरीऐवजी इंजिनाच्या उघड्या धातूवर लावावी. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि ती बॅटरीपासून दूर पडलेली बरी.

बॅटरीचे स्वतःचे आवाज द्रवाचे किंवा वायूचे असतात: सरसर, खदखद, गुडगुड, फुस्स, तडतड. आवाज असा असेल तर पुढच्या टप्प्याकडे जावे.

## टप्पा 3: आवाजाचा अर्थ लावणे

सोडावॉटरसारखी मंद सरसर. चार्जिंगच्या शेवटच्या एक-दोन तासांत, प्रत्येक सेलचा विद्युतदाब साधारण 2.4 व्होल्टच्या वर गेला की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बारीक बुडबुडे सुटतात. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, म्हणजे ही पातळी सुमारे 14.4 व्होल्टला येते. मोठ्या भारनियमनानंतर वीज आली की सात-आठ तासांनी असा आवाज येणे स्वाभाविक आहे. तो सहाही सेलमधून सारखा यावा, बॅटरी कोमट असावी आणि चार्जिंग संपल्यावर तो विरून जावा. या तीनही गोष्टी जुळत असतील तर हवा खेळती ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

भाताच्या आधणासारखी खदखद. हा आवाज जास्त वेळ, जास्त जोराने येत असेल आणि कडेला हात नेताच धग लागत असेल, तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत आहे. याची दोन कारणे असू शकतात. इन्व्हर्टरचे चार्जिंगवरील नियंत्रण बिघडलेले असते, किंवा बॅटरीतील एक सेल आतून शॉर्ट झालेला असतो. दुसरे कारण अधिक वेळा आढळते आणि तेच कमी लोकांना समजते, म्हणून ते नीट सांगतो. इन्व्हर्टर सहा सेल धरून 14.4 व्होल्ट देतो. एक सेल मेला की तोच दाब उरलेल्या पाचांवर पडतो, म्हणजे प्रत्येकावर 2.4 ऐवजी जवळपास 2.9 व्होल्ट. मग चांगले पाच सेल खदखदतात आणि मेलेला सेल गप्प राहतो. आवाज करणारा सेल खराब असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोष मुक्या सेलमध्ये असतो.

आमच्या घरी मे महिन्यात हेच झाले. जिन्याखालून रात्री खदखद ऐकू येई, पाणी भराभर आटे, आणि फोनवर मिळालेल्या सल्ल्यानुसार मी एका महिन्यात तीनदा पाणी भरले. शेवटी हायड्रोमीटर लावून पाहिला तेव्हा पाच सेलचे माप 1.230 च्या आसपास होते आणि चौथ्याचे 1.120. पाणी आटणे हे केवळ लक्षण होते. तीन वेळा पाणी भरून मी मेलेल्या सेलची बॅटरी महिनाभर चार्जिंगवर ठेवली होती, तीही बंद कपाटात.

गुडगुड आणि मध्येच खरखर. आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडण्याइतके पाणी कमी झाले की बुडबुड्यांचा आवाज पोकळ येतो. नुकतीच हलवलेली बॅटरीही थोडा वेळ गुडगुडते, कारण अडकलेला वायू सुटत असतो. हा दुसरा आवाज तासाभरात थांबला पाहिजे.

तडतड किंवा चरचर. हा आवाज बहुधा टर्मिनलपाशी येतो. क्लॅम्प सैल असला किंवा त्यावर पांढरा-हिरवा क्षार चढला असला की संपर्क नीट राहत नाही आणि तेथे बारीक ठिणग्या पडत असतात. हा आवाज लहान असतो म्हणून दुर्लक्षिला जातो. वायू आणि ठिणगी एकाच ठिकाणी असल्याने मी याला खदखदीपेक्षा गंभीर मानतो.

फुस्स असा जोराचा किंवा सततचा आवाज. आतला दाब बुचांच्या छिद्रांतून जोराने बाहेर पडत आहे, किंवा डबीला चीर गेली आहे. यूपीएसमधील सीलबंद बॅटरीतून असा आवाज आला आणि तिच्या कडा फुगलेल्या दिसल्या, तर ती आतून तापत चालली आहे असे समजावे. या आवाजानंतर जवळ जाऊन पाहणी करू नये.

इशारा: आवाजाबरोबर सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा आहे. जास्त प्रमाणात असल्यास हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे "आता वास कमी झाला" असे वाटले तरी वायू गेला असे धरू नये. घरात प्रथम गॅस सिलिंडर गळत असल्याचा संशय येतो आणि तो घेणे योग्यच आहे. दोन्ही प्रसंगी पहिली पावले सारखीच असतात: ज्योत नाही, जवळचे स्विच नाहीत, खिडक्या उघड्या, माणसे बाहेर.

## टप्पा 4: चार्जिंग थांबवणे, याच क्रमाने

खदखद, तडतड, फुस्स, वास किंवा फुगवटा यांपैकी काहीही आढळल्यास पुढील क्रम मोडू नये.

1. लहान मुले, वृद्ध आणि पाळीव प्राणी यांना त्या खोलीतून बाहेर काढावे. पेटलेला दिवा, उदबत्ती किंवा शेगडी असल्यास ती बॅटरी ठेवलेल्या जागेपासून दूर असेल तरच विझवावी. बॅटरीलगतच्या ज्योतीकडे जाण्यापेक्षा सर्वांना घेऊन बाहेर पडावे.

2. वीजफलकावरील इन्व्हर्टरचा एमसीबी खाली पाडावा. इन्व्हर्टरच्या तोंडावरचे बटण बंद करून भागत नाही, आणि या प्रक्रियेतील सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये त्या बटणाने फक्त बॅकअप बंद होतो. भिंतीतून वीज येत असेल तोवर बॅटरी चार्ज होतच राहते. बटण बंद करून "इन्व्हर्टर बंद केला" असे समजून लोक झोपी जातात आणि बॅटरी रात्रभर खदखदत राहते.

3. एमसीबी पाडल्यावर इन्व्हर्टरला वीज गेल्यासारखे वाटून तो बॅटरीवर चालू होईल. ते अपेक्षितच आहे. चार्जिंग थांबले, एवढे आधी साधायचे होते. बॅटरीपासून लांबच्या खोल्यांतील दिवे-पंखे बंद करून भार उतरवावा.

4. दारे-खिडक्या हाताने उघडाव्यात. एक्झॉस्ट किंवा टेबलफॅन लावू नये, कारण त्यांच्या स्विचमध्ये आणि मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. कपाटाचे दार हळूच पूर्ण उघडून लगेच मागे सरकावे. फुस्स आवाज किंवा अंड्याचा वास असेल तर कपाटापर्यंतही जाऊ नये.

5. आवाज पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतर किमान दोन तास खोलीत जाऊ नये. पाण्याने भरलेली ही बॅटरी सहज पन्नास-साठ किलोंची असते. इतकी जड वस्तू आतून निवायला बाहेरच्या स्पर्शावरून वाटते त्याहून बराच वेळ लागतो.

6. हवा बदलली, वास गेला, आवाज थांबला, यानंतरच इन्व्हर्टरचे समोरचे बटण बंद करावे.

पडताळणी: एमसीबी पाडल्यानंतर अर्ध्या तासाने बाहेरूनच कानोसा घ्यावा. आवाज ओसरत असेल तर ठीक. तो तसाच असेल किंवा वाढला असेल, तर बॅटरी स्वतःच्याच अंतर्गत शॉर्टमुळे तापत आहे आणि बाहेरची वीज तोडून ती थांबणार नाही. धूर दिसला किंवा डबी वितळू लागली तर 101 किंवा 112 वर फोन करावा आणि घर मोकळे करावे.

इशारा: तापलेल्या बॅटरीवर पाणी ओतू नये, ओला टॉवेल टाकू नये आणि बुचे उघडून वायू मोकळा करू नये. बूच उघडताच आम्लाचे तुषार थेट चेहऱ्यावर येतात.

## टप्पा 5: थंड बॅटरीची तपासणी

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या आणि गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र आधी काढून ठेवावे. दोन टर्मिनलांमध्ये धातू आला की क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटात असतानाच लाल होते. मग चष्मा व हातमोजे घालावेत आणि टॉर्च बॅटरीपासून दूर असतानाच लावून मगच जवळ जावे. वीज गेलेली असताना मेणबत्ती किंवा काडी पेटवून पाण्याची पातळी पाहण्याची सवय अजूनही दिसते. ती जिवावर बेतणारी आहे.

सुरुवात डोळ्यांनी करावी. डबी फुगली आहे का, चीर आहे का, खाली ओल आहे का, क्लॅम्पजवळ वितळल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे. यांपैकी काहीही असेल तर पुढचे माप घेण्याची गरज नाही. त्या बॅटरीचा वापर संपला.

डबी चांगली असल्यास मल्टिमीटरने दाब मोजावा. चार्जिंग आणि भार दोन्ही बंद करून दोन-तीन तास झाल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते आणि 12.2 च्या आसपास ती अर्धी असते. भरपूर वेळ चार्ज करूनही आकडा 10.5 च्या जवळ अडकला असेल, तर सहांपैकी एक सेल गेला आहे, कारण एका सेलचे साधारण 2.1 व्होल्ट बेरजेतून कमी झालेले असतात.

शेवटी हायड्रोमीटर. प्रत्येक सेलचे बूच एकेक करून उघडावे, माप घ्यावे, द्रव त्याच सेलमध्ये परत सोडावा आणि आकडा कागदावर लिहावा. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असताना माप साधारण 1.240 येते, ज्याला इलेक्ट्रिशियन बाराशे चाळीस म्हणतात. मोटारीच्या बॅटरीत ते त्याहून जास्त असते. एकेका आकड्यापेक्षा सहांमधील फरक महत्त्वाचा आहे. सर्व सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली असू शकते. एकच सेल इतरांपेक्षा 0.050 किंवा त्याहून अधिक खाली असेल, तर तो सेल गेला असे समजावे. त्यात आम्ल ओतून आकडा वर आणणे ही फसवणूक आहे. हायड्रोमीटर खूश होतो, प्लेट तशीच राहते.

इशारा: दोन्ही टर्मिनलांना तारेचा तुकडा टेकवून ठिणगी किती मोठी पडते यावरून बॅटरीचा जोर ठरवणारे मिस्त्री भेटतात. त्यांना ते करू देऊ नये, मग ते कितीही अनुभवी असोत.

तार सोडवायचीच असेल तर एमसीबी खाली आणि समोरचे बटण बंद आहे याची पुन्हा खात्री करून आधी ऋण म्हणजे काळी आणि नंतर धन म्हणजे लाल तार काढावी. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. शेवटची तार टेकवताना इन्व्हर्टरमधील कपॅसिटर भरत असल्याने बारीकशी ठिणगी पडतेच, म्हणून जोडणीपूर्वी सर्व बुचे बंद असावीत आणि खोली वीस-पंचवीस मिनिटे उघडी ठेवलेली असावी.

## टप्पा 6: पाणी भरणे

येथे चुका जास्त होतात, पण नियम थोडे आहेत. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. आरओचे, बाटलीतले, पावसाचे किंवा एसीतून ठिबकलेले पाणी चालत नाही, कारण त्यातील क्षार, क्लोरीन किंवा धूळ प्लेटांवर परिणाम करते. आम्ल कधीही घालू नये. बॅटरीतून उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते.

क्रम असा: पाणी नेहमी पूर्ण चार्जिंगनंतर, बॅटरी थंड झाल्यावर, वरच्या खुणेपर्यंत भरावे. आधी भरले तर चार्जिंगमध्ये द्रव फुगून बुचांतून बाहेर येतो आणि टर्मिनलवर आम्ल साचते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे, चार्ज करावे आणि उरलेले नंतर भरावे. नंतर बुचे घट्ट लावून टर्मिनल कोरडे पुसावे, क्लॅम्प आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

पडताळणी: सहाही सेलना साधारण सारखे पाणी लागले पाहिजे. एकच सेल सतत जास्त पाणी घेत असेल किंवा अजिबात घेत नसेल, तर टप्पा 5 मधील हायड्रोमीटरकडे परत जावे.

## आम्ल अंगावर किंवा जमिनीवर आल्यास

डोळ्यात गेले तर क्षणही न दवडता वाहत्या नळाखाली पापण्या उघड्या धरून किमान 20 मिनिटे डोळा धुवावा आणि धुता धुता दुसऱ्याने 108 ला फोन करावा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुतानाच काढावी. सोडा, दूध किंवा गुलाबपाणी डोळ्यात घालू नये. त्वचेवर आले तर कपडे लगेच काढून तेवढाच वेळ नळाखाली धुवावे.

सोडा फक्त जमिनीसाठी आणि डबीच्या बाहेरील भागासाठी आहे. एक लिटर पाण्यात सुमारे 100 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून तो सांडलेल्या आम्लावर कडेकडून ओतावा. फेस येतो. फेस येणे थांबेपर्यंत ओतत राहावे, मग पुसावे. डबी पुसताना बुचे बंद हवीत, कारण सोड्याचे पाणी आत गेले की आतले आम्लच मारले जाते. त्या वेळी घातलेले सुती कपडे ठीक दिसले तरी वेगळे भिजवावेत. धुतल्यानंतर त्यांना भोके पडलेली दिसतात.

## लिथियम बॅटरीसाठी वेगळे नियम

निरोगी लिथियम बॅटरी आवाज करत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. लेड-ॲसिडमध्ये, म्हणजे आतापर्यंत पाहिलेल्या पाण्याच्या बॅटरीत, सरसर स्वाभाविक असू शकते. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक किंवा स्कूटरच्या पॅकमधून मात्र कोणताही फुस्स, टप् किंवा तडतड आवाज म्हणजे एखाद्या सेलचे सुरक्षा छिद्र उघडले आणि आतला ज्वलनशील वायू बाहेर पडत आहे. त्यासोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येऊ शकतो. आवाज आणि ज्वाळा यांत कधी काही सेकंदच असतात. येथे दोन तास थांबून तपासणी करण्याचा प्रश्नच येत नाही. चार्जरमधून येणारी बारीक चीं मात्र चार्जरच्या कॉइलची असते. चार्जर काढताच ती थांबते का, एवढे पाहावे.

1. पॅक फुसफुसत असेल तर उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. हातात असतानाच तो पेटू शकतो. सर्वांना बाहेर काढावे, मागे दार ओढून घ्यावे, आणि शक्य असल्यास त्या खोलीची वीज फलकावरून बंद करावी.
2. स्कूटरचा पॅक असल्यास आग विझवण्याच्या भानगडीत न पडता 101 ला फोन करावा आणि "लिथियम बॅटरी आहे" हे स्पष्ट सांगावे. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. ओला रुमाल त्यांना अडवत नाही.
3. मोबाइलसारखी लहान वस्तू असेल, ती चार्जरला जोडलेली नसेल आणि बाहेर पडण्याचा मार्ग आपल्या मागे मोकळा असेल, तरच लांबून भरपूर पाणी ओतावे. येथे पाण्याचे काम थंड करण्याचे आहे. पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा दबते, पण शेजारचा सेल तापून ती पुन्हा उठते.
4. विझलेला पॅक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पेटू शकतो. तो घरात, लिफ्टमध्ये किंवा पार्किंगमधील गाड्यांजवळ ठेवू नये.

फुगलेला पण शांत असलेला मोबाइल लगेच बंद करावा, चार्ज करू नये, दाबून पाहू नये, सुईने टोचू नये आणि फ्रीजमध्ये ठेवू नये. स्कूटरचा काढता येणारा पॅक घरात आणून चार्ज करणाऱ्यांनी तो घराच्या मुख्य दाराजवळ ठेवू नये. सोय म्हणून हीच जागा निवडली जाते, आणि आग लागली तर बाहेर पडण्याची एकमेव वाट तीच असते. रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग लावणेही टाळावे. इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-156 या सुरक्षा मानकाचे अधिक कडक नियम 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी घेतलेला पॅक वापरात असेल, तर या सूचना अधिक काटेकोरपणे पाळाव्यात.

## टप्पा 7: बाद झालेली बॅटरी घराबाहेर काढणे

एक सेल गेलेली बॅटरी "चालेल तोवर चालवू" म्हणून जोडून ठेवू नये. तिच्यावरील प्रत्येक चार्जिंग म्हणजे उरलेल्या पाच सेलना खदखदवणे आहे. 24 व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या बदलाव्यात. जुनीशी नवी जोडली की दोहोंत भार आणि चार्जिंग सारखे वाटले जात नाही आणि नवीही लवकर आवाज करू लागते.

टेम्पोवाल्याला किंवा भंगारवाल्याला आम्ल मोरीत ओतून हलकी केलेली बॅटरी देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाही. ती विक्रेत्याला परत करावी किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावी. नवी घेताना विक्रेते जुनीचे पैसे किमतीतून वजा करतात, त्यामुळे यात तोटाही होत नाही. उचलताना दोन माणसे असावीत, बुचे घट्ट लावलेली असावीत, दोन्ही टर्मिनलांवर टेप किंवा रबरी टोप्या असाव्यात, आणि बॅटरी जिन्यावरूनही सरळ उभीच ठेवून न्यावी. एका बाजूला कलली की बुचातून गळलेल्या आम्लाची धार नेमकी खालच्या माणसाच्या हातावर येते, म्हणून खालच्या पायरीवर असणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.